करंट गेल्यावर घरात काय चालू ठेवायचं? पोर्टेबल पॉवर स्टेशन घेण्याआधी

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की बेळगावच्या वडगाव, खासबाग, अनगोळ, येळ्ळूर या पट्ट्यात करंट जायला सुरुवात होते. कुठे फांदी तारांवर पडते, कुठे ट्रान्स्फॉर्मरचा फ्यूज उडतो. आषाढात झड लागते, मंगाई देवीची यात्रा येते, घरं पाहुण्यांनी भरलेली असतात आणि नेमकी संध्याकाळी लाईट जाते. याशिवाय हेस्कॉम या वीज कंपनीची देखभाल-दुरुस्ती असतेच. तिची सूचना आदल्या दिवशी वर्तमानपत्रात येते आणि बहुधा सकाळी नऊ-दहापासून दुपारी चार-पाचपर्यंत पुरवठा बंद असतो. २०२३ साली पावसाने दगा दिला, तेव्हा ऑक्टोबरात कर्नाटकभर विजेची टंचाई झाली आणि भारनियमन पुन्हा आलं.

करंट जाण्याचे हे दोन प्रकार वेगळे आहेत, आणि खरेदीच्या वेळी त्यांचा विचारही वेगळा करावा लागतो. सांगून जाणारा करंट सहा-सात तासांचा, दिवसाचा आणि आधी तयारी करता येण्यासारखा असतो. न सांगता जाणारा अर्ध्या तासात परत येईल की पहाटे येईल, हे कुणीच सांगू शकत नाही. महिनाभर कॅलेंडरवर टिपून ठेवा: करंट कधी गेला, किती वेळ गेला, त्या वेळी घरात कशाची अडचण झाली. ही नोंद हातात असेल, तर दुकानदाराच्या प्रश्नांना उत्तरं देता येतात आणि त्याने सुचवलेली वस्तू आपल्या कामाची आहे की नाही तेही कळतं.

पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणून जी पेटी मिळते, तिच्यात लिथियम बॅटरी, चार्जर, इन्व्हर्टर आणि पिना घालायचे सॉकेट एकत्र बसवलेले असतात. भिंतीच्या प्लगवर चार्ज करायची, करंट गेला की पंख्याची किंवा टीव्हीची पिन तिच्यात घालायची. बॅटरीत पाणी घालायला नको, वायरमन नको, घर बदललं तर उचलून नेता येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. टिळकवाडीत किंवा कॉलेजांच्या आसपास खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना घरमालक भिंत फोडून इन्व्हर्टरची वायरिंग करू देणार नाही. तिथे ही पेटी खरोखर सोयीची आहे.

स्वतःचं घर असेल, तर मात्र आधी साधा हिशेब मांडा. साधा इन्व्हर्टर आणि १५० अँपियर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी मिळून आजही पंचवीस हजार रुपयांच्या आसपास काम होतं. कंपनी आणि दुकानानुसार दोन-चार हजार इकडेतिकडे. १२ व्होल्टला १५० अँपियर-तास म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. ही बॅटरी पूर्ण रिकामी केली तर लवकर खराब होते आणि रूपांतरातही वीज जाते. म्हणून प्रत्यक्षात साधारण हजार ते बाराशे वॉट-तास हाती येतात असं धरा. एवढीच वीज देणाऱ्या चांगल्या पोर्टेबल पेटीला सहसा याच्या दोन-तीनपट पैसे मोजावे लागतात. शिवाय इन्व्हर्टर घरातल्या ठरावीक दिव्यांना आणि पंख्यांना आपोआप वीज देतो, अंधारात उठून पिना बदलाव्या लागत नाहीत. त्यामुळे वडगावात स्वतःचं घर, इन्व्हर्टरची वायरिंग झालेली आणि बॅटरी ठीक, अशी स्थिती असेल तर पॉवर स्टेशनच्या फंदात पडू नका. बॅटरी जुनी झाली असेल तर नवी बॅटरी घ्या, किंवा लिथियम बॅटरी आतच बसवलेले भिंतीवरचे इन्व्हर्टर मिळतात त्यांची चौकशी करा.

काही घरांना तर एवढंही लागत नाही. घरातून काम करणाऱ्याला बऱ्याचदा फक्त इंटरनेट चालू राहायला हवं असतं, लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असते. राउटरला जोडायचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस दीड-दोन हजारांत मिळतो आणि तीन-चार तास काढतो. आत बॅटरी असलेले एलईडी बल्ब काही शे रुपयांत येतात. स्वयंपाकघरात एक आणि जिन्यात एक लावला की अंधारात धडपडायचा प्रश्न सुटतो. चाळीस-पन्नास हजार खर्च करण्याआधी या दोन वस्तू आणून बघा.

एवढं करूनही गरज उरते, त्यांच्यासाठी पुढचं.

पेटीच्या खोक्यावर दोन आकडे शोधा. पहिला वॉट-तासाचा, म्हणजे आत वीज किती साठते. दुसरा वॉटचा, म्हणजे एका वेळी किती भार उचलते. हे दोन्ही आकडे ठळक आणि स्पष्ट छापलेले नसतील, तर ती पेटी घेऊ नका. स्वस्त मालावर वॉट-तासाच्या जागी मिलीअँपियर-तास लिहिलेले असतात, आकडा मोठा दिसावा म्हणून. ४०,००० मिलीअँपियर-तास वाचून माणूस दबतो. पण हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागलं की १४८ वॉट-तास उरतात. तेवढ्यावर साधा छतपंखा दोन तासही धड चालत नाही. वॉटच्या बाबतीतही असंच होतं. '२००० वॉट' असं मोठ्या अक्षरात असतं आणि खाली बारीक अक्षरात 'पीक' लिहिलेलं असतं. पीक म्हणजे क्षणभराची ताकद. तुम्हाला सतत मिळणारा वॉटचा आकडा हवा.

छापलेले वॉट-तास पूर्ण मिळत नाहीत. एसी सॉकेटमधून वीज घेताना इन्व्हर्टर स्वतःसाठी काही वीज खातो. हजार वॉट-तासाच्या पेटीतून साधारण ८५० हाती येतात, असा हिशेब ठेवा. मोबाइल आणि टाइप-सी लॅपटॉप पेटीच्या यूएसबी सॉकेटवर थेट चार्ज केले तर त्यातली काही गळती वाचते.

आता घराचा भार मांडू. हेस्कॉमने जाहीर केलेला बंद सहा तासांचा आहे असं धरा. नऊ वॉटचे तीन दिवे म्हणजे २७ वॉट. जुन्या पद्धतीचे दोन छतपंखे प्रत्येकी ७५, म्हणजे १५०. राउटर १२, मोबाइलची चार्जिंग १५. एकूण २०४ वॉट. सहा तासांना १,२२४ वॉट-तास. गळती धरली तर १,४४० वॉट-तासांची पेटी लागेल. ही झाली चांगलीच महाग पेटी.

याच घरात ते दोन पंखे बदलून बीएलडीसी मोटरचे पंखे लावले, तर प्रत्येक पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो. एकूण भार ११४ वॉटवर येतो. सहा तासांचे ६८४ वॉट-तास, गळती धरून ८०५. पेटी जवळजवळ अर्ध्याने लहान झाली. दोन पंख्यांना साधारण सहा-सात हजार रुपये जातील आणि त्या बदल्यात पेटीच्या किमतीत त्याच्या कितीतरी पट वाचतील. पंखे वर्षभर वीज वाचवत राहतील ते वेगळंच. पॉवर स्टेशन घ्यायचं ठरवलेल्या प्रत्येक घराला माझा पहिला सल्ला हाच असतो: आधी पंखे बदला, मग पेटी बघा. दुकानदार हे सांगेलच असं नाही, त्याला मोठी पेटी विकायची असते.

फ्रीजची भीती लोकांना वाटते तेवढी खरी नसते. फ्रीजच्या दारावर ताऱ्यांचं लेबल असतं, त्यावर वर्षाला किती युनिट लागतात ते लिहिलेलं असतं. समजा १८० युनिट. ३६५ ने भागलं की दिवसाला अर्धं युनिट, म्हणजे ५०० वॉट-तास. सहा तासांना १२५, उन्हाळ्यात आणि दार सारखं उघडत राहिलं तर थोडं जास्त. अडचण साठ्याची नसून सुरुवातीच्या झटक्याची असते. कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट वीज ओढतो, तीनशे वॉटची पेटी तिथेच बंद पडते. फ्रीज लावायचा असेल तर सतत हजार वॉट देणारी पेटी बघा. फ्रीज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा असेल तर थोड्या लहान पेटीवरही भागू शकतं, पण तेही लावून बघितल्यावरच खरं. आणि हे लक्षात असू द्या की दार न उघडता ठेवलेला फ्रीज चार तास तरी गार राहतो. निम्म्याहून जास्त वेळा त्याला पेटीची गरज पडणारच नाही.

गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांचा विचार सोडून द्या. दोन हजार वॉटची शेगडी दोन हजार वॉट-तासाची मोठी पेटीही तासाच्या आत रिकामी करते. बोअरची किंवा टाकीची अर्ध्या एचपीची मोटरही तशीच. चालताना साधारण सहाशे वॉट घेते, सुरू होताना त्याच्या तीन-चारपट. सूचना आदल्या दिवशी आलेली असते, सकाळी करंट जायच्या आधी टाकी भरून घ्या. मिक्सर दोन-चार मिनिटं लावायचा असेल तर हजार वॉटच्या पेटीवर चालेल.

वडगावच्या घरांचा एक प्रश्न बहुतेक गावांना नाही. इथे पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोल्यांत संसार, अशी कितीतरी घरं आहेत. करंट गेला की माग थांबतो, मागाबरोबर मजुरी थांबते. त्यामुळे पॉवर स्टेशनची जाहिरात बघितली की विणकराच्या मनात पहिला प्रश्न येतो: याच्यावर माग चालेल का? याचं उत्तर सरळ द्यायला हवं. नाही चालणार, आणि चालवायचा प्रयत्न करू नये. एका यंत्रमागाची मोटर साधारण एक एचपीच्या आसपास असते. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, मोटरची गळती धरून प्रत्यक्षात हजाराच्या जवळ. हजार वॉट-तासाच्या पेटीवर एक माग तासभरही चालणार नाही. चार माग असतील तर पाव तासाचाही प्रश्न नाही, कारण सुरू होतानाचा झटकाच तिला झेपणार नाही. तीन फेजच्या मोटरी असतील तर ही एका फेजची पेटी जोडताच येत नाही. तासाभराच्या विणकामासाठी एवढे पैसे अडकवणं विणकराला परवडणारं नाही. एखादा विक्रेता 'माग पण चालतो' म्हणाला, तर त्याला म्हणा, माझ्या घरी आणून माझ्या मागावर दोन तास चालवून दाखव.

मागाच्या घरात पेटीचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. उजेड असला की तुटलेले धागे बांधणं, ताणा जोडणं, तयार साड्या तपासून घडी घालणं ही हाताची कामं करंट नसताना उरकता येतात. दोन चांगले एलईडी दिवे आणि एक पंखा, यांना तीनशे-चारशे वॉट-तासाची लहान पेटी संध्याकाळभर पुरते. मात्र ती मागाच्या खोलीत ठेवू नका. तिथल्या हवेत सुताचे बारीक तंतू उडत असतात. पेटी गार ठेवण्यासाठी आत छोटे पंखे असतात, ते हे तंतू ओढून घेतात. जाळी तुंबली की पेटी तापते. पेटी आतल्या खोलीत ठेवा आणि दिव्यापर्यंत लांब वायर न्या.

बॅटरी कोणत्या रसायनाची आहे, ते जरूर विचारा. पॉवर स्टेशनमध्ये मुख्यतः दोन प्रकार येतात: लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, आणि निकेल-मँगनीज-कोबाल्टची एनएमसी. घरात ठेवायला एलएफपीच घ्या. ती थोडी जड असते, पण जास्त तापमान सहन करते आणि बिघडली तरी भडकून पेट घेण्याची शक्यता कमी असते. हे रसायन १९९७ साली अमेरिकेतल्या टेक्सस विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून जगापुढे आलं. त्या मूळ शोधनिबंधावर गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ साली लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या दोन भारतीय नावांची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही, म्हणून इथे मुद्दाम केली.

एलएफपीच्या जाहिरातीत एक आकडा फार मिरवला जातो: ३,००० सायकल, ४,००० सायकल, ६,००० सायकल. एकदा पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की एक सायकल. आपल्या घरात वर्षातून शंभर वेळा पेटी पूर्ण रिकामी होते असं धरलं, आणि तेही जास्तच झालं, तरी ३,००० सायकलना तीस वर्षं लागतील. त्याच्या कितीतरी आधी आतलं सर्किट, पंखा किंवा चार्जर बिघडेल आणि बॅटरीही वयाने म्हातारी होईल. रोज सोलरवर चालवणाऱ्याला सहा हजार सायकलचा फायदा आहे. करंट गेल्यावरच वापरणाऱ्या वडगावच्या घराला तीन हजार आणि सहा हजार यांत फरक पडत नाही. दोन पेट्यांमध्ये अडकलात आणि एकीत सायकल जास्त, दुसरीत वॉरंटी दोन वर्षांनी जास्त, तर वॉरंटीची घ्या.

काही पेट्या यूपीएससारख्या कायम भिंतीला जोडून ठेवता येतात. करंट गेला की दहा ते तीस मिलिसेकंदांत त्या बॅटरीवर येतात, संगणक बंद पडत नाही. सोय चांगली आहे, पण कायम चालू ठेवलेली पेटी तिच्यावर काही चालत नसतानाही दहा-वीस वॉट खाते. दहा वॉट महिनाभर म्हणजे सात युनिट, वीस वॉट म्हणजे चौदा युनिट. कर्नाटकात २०२३ च्या ऑगस्टपासून मोफत घरगुती विजेची गृहज्योती योजना लागू आहे. सवलतीची मर्यादा तुमच्या आधीच्या सरासरी वापरावर ठरलेली आहे, आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला तर पूर्ण बिल भरावं लागतं. ज्यांचं मीटर १९० च्या आसपास फिरतं, त्यांना हे चौदा युनिट महाग पडतील. पेटी भरून घ्या आणि बटण बंद करून ठेवा, गरज लागली की चालू करा. संगणकासाठीच यूपीएस हवा असेल, तर एक छोटा साधा यूपीएस स्वस्त पडतो.

चार्जिंगच्या वेगाचंही असंच. एका तासात फुल्ल होणारी पेटी म्हणजे भिंतीच्या प्लगमधून हजार-बाराशे वॉट ओढणारी पेटी. जुन्या कौलारू घरांतली वायरिंग जुनी, प्लग पाच-सहा अँपियरचे, वर माळ्याला लाकूड. अशा प्लगवर तासभर एवढा भार टाकला की प्लग आणि वायर तापतात. पेटीचा चार्जिंग वेग कमी करता येतो का ते विचारा आणि घरी कमीच ठेवा, किंवा गिझरच्या १६ अँपियरच्या प्लगवर चार्ज करा. पेटी किती व्होल्टपासून चार्ज होते, तेही माहितीपत्रकात बघा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे काही पेट्या चार्जच होत नाहीत.

आउटपुट प्युअर साइन वेव्ह असावा. साध्या, पायऱ्यांच्या वेव्हवर पंखे घूं-घूं करतात, मोटरी तापतात. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ हे शब्द खोक्यावर असायलाच हवेत. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भागातल्या पुष्कळ घरांतली मुलं अमेरिकेत आहेत आणि तिकडचा माल चांगला म्हणून आणायला सांगायचा मोह होतो. तिकडची पेटी ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते, आपल्या फ्रीजला आणि पंख्याला ती चालत नाही. शिवाय १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेताच येत नाही, हातातल्या सामानातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. विमानतळावर ती काढून घेतील. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असावी. लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे, खोक्यावर त्याचा क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा.

सोबत घडीची सोलर पाटी मिळते. उन्हाळ्यात ती चांगली चालते: शंभर वॉटची पाटी कडक उन्हात प्रत्यक्ष साठ-सत्तर वॉट देते, दिवसाकाठी तीनशे वॉट-तास जमतात. पण बेळगावचा करंट सर्वांत जास्त जातो पावसाळ्यात, आणि नेमका तेव्हा सूर्य दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये या पाटीच्या भरवशावर राहू नका. शेतात, मळ्यात नेणार असाल तरच घ्या. पीएम सूर्यघर योजनेतून छतावर पॅनेल बसवलेल्यांचाही एक गैरसमज असतो की आता करंट गेला तरी घरात वीज राहील. साधी ऑन-ग्रिड यंत्रणा करंट गेल्याबरोबर बंद होते, आणि ती तशी बंद व्हायलाच हवी, नाहीतर तारांवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसेल. बॅकअप हवा असेल तर बॅटरीसहची हायब्रिड यंत्रणा लागते.

घरात आजारी माणूस असेल, तर हिशेब जास्त काटेकोर करा. नेब्युलायझर थोडा वेळ चालतो, त्याची चिंता नाही. झोपेत लावायचं सीपॅप यंत्र पाणी तापवणारा भाग बंद ठेवला तर तीस-साठ वॉट घेतं, पाचशे वॉट-तासाच्या पेटीवर रात्र निघू शकते. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र साडेतीनशे वॉटच्या आसपास घेतो. हजार वॉट-तासाची पेटी त्याला अडीच तासांहून कमी पुरते. अशा घरात पेटीच्या जोडीला भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हवाच, आणि किती वेळाचा साठा ठेवायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवा. हेस्कॉमच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवताना घरात ऑक्सिजनवरचा रुग्ण आहे हे जरूर सांगा. पेटी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष त्याच यंत्रावर लावून किती वेळ चालते ते घड्याळ लावून तपासा.

दुकानात जाताना आपला एक टेबलफॅन बरोबर न्या आणि तो लावून बघायची विनंती करा. आवाज ऐका, पेटीवर वॉट किती दाखवतात ते वाचा. त्यानंतरचा प्रश्न दुरुस्तीचा: बिघडली तर कुठे? सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे, हुबळीत, कोल्हापुरात, की थेट दिल्लीला पाठवायची? मोठी लिथियम बॅटरी साध्या कुरिअरने पाठवता येत नाही, धोकादायक माल म्हणून तिला वेगळं पॅकिंग लागतं. ती वाहतूक कोण करणार आणि खर्च कुणाचा, हे वॉरंटीच्या कागदावर लिहिलेलं असावं. जवळ सर्व्हिस असलेली साधी पेटी ही लांब सर्व्हिस असलेल्या भारी पेटीपेक्षा चांगली, असं माझं स्पष्ट मत आहे.

निपाणीकडचे लोक कोल्हापूर जवळ म्हणून तिकडून खरेदी करतात. करायला हरकत नाही, पण पक्कं बिल घ्या. पुढे वाद झाला तर तक्रारीसाठी कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला बेळगावातच. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करून बघा.

घरी आणल्यावर पेटी जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा. पावसाळ्यात आपल्या फरशा ओल धरतात. जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर ठेवू नका, गादीखाली-कपड्यांत तर मुळीच नाही. वापर नसेल तेव्हाही तीन महिन्यांतून एकदा चार्ज करा. २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला आणि पेटी पाण्यात बुडाली, तर ती वाळवून पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नका, सर्व्हिसवाल्याला दाखवा. निकामी झालेली बॅटरी भंगारात घालू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, विकत घेतानाच विचारून ठेवा.

शेवटी एक कळकळीची विनंती. पेटीतून सगळ्या घराला वीज द्यावी म्हणून काही जण दोन्ही टोकांना पिना असलेली वायर तयार करून घेतात, एक टोक पेटीत आणि दुसरं भिंतीच्या प्लगमध्ये घालतात. असं कधीही करू नका, दुसऱ्याला करू देऊ नका आणि कुणी इलेक्ट्रिशियन करून देतो म्हणाला तर त्याला परत पाठवा. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते, ट्रान्स्फॉर्मरमधून तिचं व्होल्टेज कित्येक पटींनी वाढतं, आणि त्याच वेळी तुमचाच करंट परत आणण्यासाठी लाईनमन भर पावसात खांबावर चढलेला असतो. मोकळ्या पिनेला घरातल्या मुलाचा हात लागला तरी जीवघेणा शॉक बसू शकतो. सगळं घर पेटीवर जोडायचंच असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.